माप घ्यायला आलेले गृहस्थ

१

मी एकदा नवस बोलले होते. तशी नवसाला मी नवखी नाही. थोरल्याच्या गोवराला, धाकटीच्या परीक्षेला, नवऱ्याच्या पाठीला, प्रत्येक वेळी पनायियामातेसमोर, म्हणजे मेरीमातेसमोर, चांदीचा एकेक पत्रा टांगून आले आहे. पण हा नवस सासूबाईंसाठी होता.

ऑस्ट्रेलियातल्या डार्विनमधलं आमचं जुनं घर खांबांवर उभं आहे. वर जायला चौदा पायऱ्या. ईस्टर होऊन आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सासूबाई बीन्सची टोपली घेऊन उतरताना अकराव्या पायरीवरून घसरल्या. इस्पितळाच्या बाकावर बसून मी म्हटलं, "माते, या म्हातारीला पायांवर उभी कर. मी तिला असं घर बांधून देईन, की उंबऱ्यापासून बिछान्यापर्यंत एकही पायरी लागणार नाही."

पंधरा ऑगस्टला, मातेच्या सणाला, सासूबाई काठी टेकत स्वतःच्या पायांनी देवळात आल्या. मी चांदीचा पाय टांगला. तिनं तिचं केलं होतं. आता माझं राहिलं होतं.

सासूबाईंचं नाव थेमेलिना. ग्रीसच्या कालिम्नोस बेटावरून सतराव्या वर्षी लग्न करून इथं आल्या, त्याला तेव्हा साठ वर्षं होत आली होती. उंची एकशे बावन्न सेंटिमीटर. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण इस्पितळाचा फॉर्म मीच भरला, आणि त्यांचे काळे स्कर्टही मीच शिवते. घोट्याच्या वर दोन बोटं. त्याहून खाली आला तर पायात येतो, वर गेला तर त्या रुसतात.

२

"आर्किटेक्ट?" स्केवोस, माझा नवरा, जेवता जेवता थांबला. "अगं, या गावातल्या निम्म्या घरांच्या पायात माझं काँक्रीट आहे. आणि मला घर कसं बांधायचं ते कुणीतरी पोरगं शिकवणार?"

"काँक्रीट तुझंच. पण विचार दुसऱ्याचा घेऊ या."

"माझ्या चुलतभावाचा, मिकेसचा नकाशा आहे की."

आमच्या ग्रीक लोकांची ही खोडच आहे. चुलतभावाचा नकाशा घ्यायचा, आरशात पाहिल्यासारखा उलटा करायचा आणि पुढे एक बाल्कनी काढायची. त्यामुळे आमच्यातल्या कुणाच्याही घरी पाहुणा गेला, तर न विचारता संडास सापडतो. पण त्या साऱ्या घरांना पायऱ्या आहेत.

"मिकेसच्या नकाशात आई कुठं बसते सांग," मी म्हटलं.

स्केवोस पावाचा तुकडा ताटात फिरवत राहिला. मग म्हणाला, "तुझे नवस माझ्या पाठीला महागात पडतात, नोमिकी."

"तुझी पाठ माझ्या नवसानंच सरळ झाली आहे."

सासूबाई खुसखुसल्या. "घे, स्केवो. आणखी वाढू का?"

त्या रात्री मी फ्रिजवरच्या कागदावर तीन नावं लिहिली. दोन मला आठवतात कशी मिळाली ती. पहिलं वर्तमानपत्रात पाहिलं होतं. दुसरं दातांच्या डॉक्टरणीनं सांगितलं होतं. तिसरं देवळातल्या कॉफीच्या वेळी कुणीतरी सुचवलं असणार. अक्षर माझंच होतं. प्रोथेरो.

३

पहिला आला जॅरड. चांगला मुलगा होता. त्यानं लॅपटॉपवर आमच्या रिकाम्या जागेवर एक पांढरी पेटी उभी करून दाखवली आणि ती गोल फिरवली. सासूबाईंनी विचारलं, "यात चूल कुठं?" तो म्हणाला, "ते आपण नंतर बघू." सासूबाईंनी त्याच्यापुढे ठेवलेली मुरांब्याची बशी उचलून परत आत नेली. तिथंच निकाल लागला.

दुसरी डेब हार्टिगन. पायात धुळीचे बूट, केस कसेतरी बांधलेले. तिनं संत्र्याच्या सालीचा मुरांबा चमचा चाटूनपुसून खाल्ला, कॉफी प्यायली आणि दुसरी मागितली. मग सासूबाईंकडे वळली.

"मावशी, रात्री उठता तेव्हा कुठल्या कुशीवरून उठता?"

"डाव्या. का गं?"

"म्हणजे भिंत उजवीकडे हवी. मी तुमची पावलं मोजली तर चालतील?"

"मोज की. म्हातारीच्या पावलांना आता कोण विचारतंय?"

डेब जमिनीवर बसून त्यांच्या दोन पावलांतलं अंतर मोजत होती आणि सासूबाई मुद्दाम लहान लहान पावलं टाकून तिची गंमत करत होत्या. मला बाई आवडली. स्केवोसला नाही. तिनं त्याला स्लॅबच्या जाडीवरून दोन शब्द सुनावले होते.

"मावशी म्हणे," तो नंतर म्हणाला. "पहिल्याच भेटीत."

४

मिस्टर प्रोथेरो घरी आले नाहीत. ते म्हणाले, जागेवरच भेटू. कधी म्हणाले, हे मात्र मला आठवत नाही. फोन मी केला असावा.

सप्टेंबर संपत आला होता. गावाबाहेर आमचा जमिनीचा तुकडा आहे, मधोमध एक आंब्याचं झाड. आम्ही नऊला पोचलो, तर ते आधीच तिथं उभे होते. साठीच्या पुढचे, इस्त्रीचा फिकट शर्ट, इतक्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटण लावलेलं. बोलणं इतकं आर्जवी, की मला माझ्या चपलांची लाज वाटली.

मी थर्मासमधली कॉफी ओतली. त्यांनी कप हातात घेतला नाही.

"पाया भरला की घेईन," ते हसून म्हणाले.

आमच्यात पाहुण्यानं कॉफी नाकारणं म्हणजे पुष्कळ झालं. पण मी म्हटलं, परका माणूस आहे, त्याच्या रीती वेगळ्या.

स्केवोसशी ते अर्धा तास सळया आणि माती यांवर बोलले, आणि तेही असं, की स्केवोसनं मान डोलवावी. मध्ये मध्ये घड्याळ पाहत होते. पावणेदहाला बोलता बोलता थांबले.

"आजीबाई, घराचा पहिला कोपरा कुठं यावा, ते तुम्हीच सांगा. तिथं जाऊन उभ्या राहा."

सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. साठ वर्षांत त्यांना कुणी घराचा कोपरा विचारला नव्हता. त्या काठी टेकत गेल्या आणि आंब्यापासून थोड्या लांब, उघड्या उन्हात उभ्या राहिल्या. "इथं," म्हणाल्या.

मिस्टर प्रोथेरो त्यांच्या मागं गुडघ्यावर बसले. खिशातून पांढरी दोरी काढली. त्यांच्या टाचेपाशी एक खुंटी ठोकली आणि दोरी गवतावर ताणत, त्यांची सावली संपत होती तिथपर्यंत, सरळ मागं नेली. तिथं दुसरी खुंटी. मग आडवी दोरी, मग पुन्हा लांब. दोरीला तीन गाठी मारल्या. खुंटी ठोकताना फारसा आवाज झाला नाही, जणू माती आधीच मऊ होती.

"एवढंच?" स्केवोस म्हणाला. "जागेची मापं?"

"मिळाली," ते म्हणाले. "खुंट्या राहू द्या."

गाडीत बसताना सासूबाई माझ्या खांद्यावर रेलल्या. "बेटावर कुणाचं घर बांधायला काढलं, की आमची आई आम्हां पोरींना हाकलून द्यायची. उन्हात उभ्या राहू नका, बांधकामावर सावली पडू देऊ नका म्हणायची."

"का हो आई?"

"का, असं विचारायची पद्धत नव्हती गं."

५

आठ दिवसांत नकाशा आला. कागदाच्या गुंडाळ्या, हातानं काढलेल्या. फाटकाशी ठेवलेल्या होत्या.

काय सांगू, इतकं सुंदर घर मी पाहिलं नव्हतं. पायरी एकही नाही. झडपांच्या खिडक्या अशा, की वारा समुद्रावरून येऊन सासूबाईंच्या उशाशी थांबावा. पूर्वेला मातेच्या तसबिरीसाठी कोनाडा, समईची फळी बरोबर माझ्या हाताच्या उंचीवर. मागच्या दाराशी स्केवोसचे बूट धुवायला खाली नळ, आणि त्याला वाकावं लागू नये म्हणून शेजारी कट्टा. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बीन्स सोलायला बुटकं बाक.

"या माणसाला कळतं," स्केवोस म्हणाला. बोट कागदावरून उचलत नव्हता. "पाठीचं मी त्याला सांगितलंसुद्धा नव्हतं."

मीही समईचं सांगितलं नव्हतं.

शेवटचा कागद पायाचा होता. त्यात भिंतींच्या रेघा, आणि सासूबाईंनी दाखवलेल्या कोपऱ्यात, भिंतीच्या बरोबर खाली, एक छोटा लांबट चौकोन. आत काही लिहिलेलं नव्हतं. बाजूला फक्त मापं. रुंदी पंचेचाळीस. लांबी एकशे बावन्न.

"हे काय?"

"पाया तिथं जाड करायचा असेल."

"मग तिथं काय भरायचं?"

"काँक्रीट, बाई. पायात आणखी काय भरतात?"

मी आकड्याकडे पाहत राहिले. मग स्वतःला म्हटलं, नोमिकी, जगात एकशे बावन्न सेंटिमीटरच्या कितीतरी वस्तू असतील.

त्या रविवारी देवळात जायला सासूबाई तयार होऊन आल्या, तेव्हा त्यांचा स्कर्ट घोट्यावर टेकला होता.

६

मी शिवण उसवून स्कर्ट दोन बोटं वर घेतला. बुधवारी तो पुन्हा घोट्यावर आला. मी पुन्हा वर घेतला. कापड सैल झालं असेल म्हणून दुसरा काढला, तोही तसाच. दहा दिवसांत मी चार वेळा सुई हातात घेतली.

डॉक्टर म्हणाले, "या वयात माणूस आखडतं. पाठीचे मणके दबतात." ते खरंच आहे. माझी आजीही शेवटी लहानशी झाली होती. पण तिला दहा वर्षं लागली होती.

सासूबाईंना दुखत काही नव्हतं. फक्त त्या फार गार पडायच्या. बाहेर पावसाआधीचा उकाडा माणसाला उकडून काढत होता, आणि त्या शाल घेऊन बसत. आणि झोपत. बीन्स सोलता सोलता शेंग हातात तशीच राहायची.

अंगणात त्यांची सावली मला तोकडी वाटली. मी स्वतःचीही पाहिली. तीही तोकडीच. ऑक्टोबरात सूर्य इथं डोक्यावरच येतो, सगळ्यांच्याच सावल्या तोकड्या होतात. मी मोजायला गेले नाही.

देवळात कॉफीच्या वेळी मी एकेकीला विचारलं, "प्रोथेरोचं नाव मला तुम्ही सांगितलंत का?" कुणीच सांगितलं नव्हतं. एकीनं तर विचारलं, "ते कोण? आमचाच नकाशा उलटा करून देऊ का?" आणि सगळ्या हसल्या. मीही हसले.

शनिवारी स्केवोस म्हणाला, "सोमवारी मी प्रोथेरोला होकार कळवतो. आईचे हाल बघवत नाहीत. डिसेंबरच्या आत पाया भरून घेऊ."

"डेबचा नकाशाही आलाय."

"त्यात कोठीची खोली विसरली आहे ती! आणि खिडकी पश्चिमेला!"

हे खरं होतं. डेबच्या नकाशात तीन चुका होत्या. प्रोथेरोंच्या नकाशात एकही नव्हती. पण मला त्याचीच भीती वाटत होती, हे कसं सांगावं ते कळेना.

"मला उद्याचा दिवस दे," मी म्हटलं. "होकाराआधी जागेवर तीर्थ शिंपडते."

७

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. प्रार्थना आटोपून मी तीर्थाची बाटली आणि तुळशीची डहाळी घेतली. सासूबाई म्हणाल्या, मीही येते. बारा वाजून गेले होते. त्या दिवशी सकाळी रेडिओवर सांगत होते, आज साडेबाराला सूर्य नेमका माथ्यावर येईल, कुणाची सावली पडणार नाही.

जागा तशीच होती. वारा नव्हता. आंब्याची सावली त्याच्याच बुंध्याशी गोळा होऊन बसली होती. मी गाडीतून उतरले, पायांखाली पाहिलं. माझ्या टाचांशी काळी कडा होती, बस. सासूबाई काठी टेकून उभ्या राहिल्या. काठीलासुद्धा सावली नव्हती.

दोरी तिथंच होती. महिनाभराच्या उन्हात गवत सगळीकडे पिवळं पडलं होतं. दोरीच्या आत ते हिरवं होतं, ओलं.

मी चार कोपऱ्यांना तीर्थ शिंपडत फिरत होते. मागून सासूबाईंचा आवाज आला, अगदी समाधानाचा.

"नोमिकी, इथं किती गार आहे गं."

मी वळले. त्या दोरीच्या कडेला उभ्या होत्या आणि काठी खाली ठेवत होत्या.

"आई, काय करता?"

"जरा टेकते. त्यांनी जागा केली आहे ना माझ्यासाठी. बरोबर बसेन मी आता."

मी धावले. त्यांच्या खांद्यांना धरलं तेव्हा माझे हात जिथं जायचे त्याहून खाली गेले. आणि तेव्हा मी दोरीच्या आत पाहिलं.

दुपारचे साडेबारा. भोवताली कशालाही सावली नव्हती. हिरव्या गवतावर मात्र एक सावली होती, लांब, स्पष्ट, सकाळची. डोक्याला सासूबाई बांधतात तसा रुमाल, हनुवटीखाली त्याची गाठ, हातात काठी. सासूबाईंची काठी तर खाली पडली होती. मी पाहत असताना रुमालाची ती गाठ किंचित हलली, माणूस मान वर करून पाहतं तशी.

मी एवढंच पाहिलं. पुढं मी पाहिलं नाही. डोळे मिटून पनायियामातेला म्हटलं, "आणखी एक नवस घे. हिला मला परत दे. या घराचा पाया मी अशा घडीला भरेन, की त्यात कुणाची सावली म्हणून पडायची नाही."

पर्समध्ये शिवणाची कात्री असतेच. मी चाचपून दोरी कापली. तीन गाठी बोटांनी, दातांनी सोडवल्या. खुंट्या उपटल्या. तीन निघाल्या. चौथी, टाचेपाशी ठोकलेली, हाताला लागली नाही.

"काय गं हे," सासूबाई कपाळ पुसत म्हणाल्या, "म्हातारीला असल्या उन्हात उभी करतात का? मला पाणी दे."

ते ऐकून मी तिथंच रडले.

८

आमच्यात नवसाला दोरीवर मेण चढवून मेणबत्ती करतात. मी ती पांढरी दोरी वितळल्या मेणात बुडवली, गुंडाळी केली आणि मातेसमोर लावली. संध्याकाळपर्यंत जळत होती. त्या आठवड्यात सासूबाईंचा स्कर्ट एक बोट वर गेला. मग आणखी एक. मग त्या रुसल्या, की पाय दिसतात. मला पुन्हा सगळे खाली सोडावे लागले. इतक्या आनंदानं मी कधी शिवण उसवली नव्हती.

स्केवोसला मी एवढंच म्हटलं, "डेब. आणि पाया पुढच्या ऑक्टोबरात, त्याच रविवारी, दुपारी साडेबाराला."

"दुपारी?" त्यानं डोकं धरलं. "काँक्रीट? या गावात कुत्रंसुद्धा पहाटे पाचनंतर काँक्रीट ओतत नाही! चिरेल ते, नोमिकी! लोक हसतील!"

"हसू देत. नवस आहे."

त्यानं आईकडे पाहिलं. त्या खिडकीशी बसून शेंगा सोलत गुणगुणत होत्या.

"डेबला सांग, कोठी मोठी हवी," तो म्हणाला.

आणि लोक हसलेच. मिकेस आणि त्याची माणसं ओल्या गोणपाटांचे ढीग घेऊन आली आणि दिवसभर स्केवोसला विचारत होती, "काय रे, सूर्य शिजवायला ठेवलास का?" डेबनं बर्फ घातलेलं पाणी मागवलं होतं. पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला. बरोबर साडेबाराला काँक्रीटची पहिली धार त्या कोपऱ्यात पडली, आणि त्यात कुणाचीच सावली नव्हती. वाकलेल्या माणसांचीही नाही, फावड्यांचीही नाही.

मी कॉफीचा ट्रे घेऊन उभी होते, तेव्हा कुंपणाबाहेर ते दिसले. फिकट शर्ट, गळ्यापर्यंत बटण. घड्याळ पाहत होते. त्यांची सावली मात्र होती. रस्ता ओलांडून, कुंपणातून, काँक्रीट अडवायला लावलेल्या फळ्यांच्या कडेपर्यंत आलेली, संध्याकाळी पडते तेवढी. फळीवर ती चढली नव्हती.

मला भीती वाटली, खोटं कशाला सांगू. पण आमच्या दाराशी आलेल्याला आम्ही तसंच पाठवत नाही. मी एक कप बशीसकट कुंपणाच्या खांबावर नेऊन ठेवला, त्यांच्या तोंडाकडे न पाहता. म्हटलं, "पाया भरला. आता घ्या." आणि परत आले.

अर्ध्या तासानं पाहिलं तर रस्ता रिकामा होता. कप बशीवर पालथा घातलेला होता, आमच्या बायका भविष्य पाहायला घालतात तसा. मी तो उलटून पाहिला नाही. तसाच नळाखाली धरला.

सासूबाई आता ब्याण्णव वर्षांच्या आहेत. पायरी नसलेल्या घरात डाव्या कुशीवरून उठतात, उजव्या हातानं भिंत धरतात आणि डेब आली की तिला अजून लहान लहान पावलं टाकून दाखवतात. खिडकी पश्चिमेलाच राहिली, आम्ही पडदा लावला. पहिल्या कोपऱ्यात फरशीला एक बारीक चीर आहे. दुपारी ओतलेल्या काँक्रीटला ती पडणारच, असं डेब म्हणते. स्केवोसनं तीनदा भरली. मी त्या जागी सासूबाईंचं बाक ठेवू देत नाही, आणि चीर किती लांब आहे ते मी मोजत नाही.

बाई, तुमच्याही घराचं चाललंय असं ऐकलं, म्हणून हे सगळं सांगितलं. नकाशे खुशाल बघा, चुका असलेला आवडला तर लाजू नका. पण आर्किटेक्ट ठरवण्याआधी तुम्हीही देवाला एवढं बोला, की जो आधी तुमच्या हातचं खाईल-पिईल आणि म्हातारीला विचारून मग टेप उघडेल, त्याच्याच हातात घर देईन. आणि त्या दिवशी सकाळी तुमच्या सासूबाईंना सावलीत बसवा.